वीतभर कोपरा

जोतं तपासायला पालिकेचे पाहणीवाले साहेब आले तेव्हा मिस्त्रीची बायको आपल्या घराच्या नव्या बांधकामावर पाणी मारत होती. साहेबांनी स्कूटर रस्त्यातच उभी केली, टेप काढला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं तिच्या ओल्या हातात दिलं. रस्त्याच्या कडेपासून पहिल्या कोपऱ्यापर्यंत मोजलं, वहीत लिहिलं. मग दुसऱ्या कोपऱ्याशी गेले. तिथं मोजलं, पुन्हा मोजलं, नकाशा उलगडून स्कूटरच्या सीटवर पसरला आणि म्हणाले, "इथे वीतभर कमी आहे."

"काय कमी आहे?"

"सामासिक अंतर."

"म्हणजे काय हो, साहेब?"

"घर आणि रस्ता यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा. त्या कोपऱ्याशी बरोबर आहे, या कोपऱ्याशी वीतभर कमी. जोतं वाकडं घेतलंय तुम्ही."

तिला हसूच आलं. तिच्या नवऱ्याला हट्टी म्हणा, तिरसट म्हणा, जेवताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही म्हणा, ती मान डोलावेल. पण वाकडं? सगळ्या कामांवर त्याला गुण्या म्हणूनच ओळखत. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं लोखंडी हत्यार. भिंतीच्या कोपऱ्यात ते टेकवलं की फट दिसते की नाही, यावर मिस्त्रीची अब्रू ठरते. याच्या कोपऱ्यात कागदसुद्धा शिरायचा नाही.

"टेप लांबला असेल तुमचा," ती म्हणाली.

"टेप लांबत नसतो, बाई." साहेबांनी तो खटकन गुंडाळला. "चार महिन्यांनी तुमच्या परवानगीचं वर्ष संपतंय. त्याच्या आत जोत्याचा दाखला मिळाला नाही तर परवानगी रद्द. आणि नव्या नियमात एवढ्याशा जागेला परवानगी नाहीच. या वेळी हुकलं तर इथे घर व्हायचं नाही, एवढं ध्यानात ठेवा."

स्कूटर गेली. पत्र्याच्या शेडच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. त्यांना कानानं कमी ऐकू यायचं, पण तोंड शाबूत होतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"जोतं वाकडं आहे म्हणतोय!" ती ओरडली.

"कुणाचं, त्याचं?" सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मिस्त्री कामावरून आला. गावाबाहेरचा हा भाग नगरपालिकेत गेल्यापासून ओढ्याच्या अंगाला सात मजली इमारत उठत होती. तिथं तो भिंतींच्या कामावर होता. सिमेंटनं बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या. हातपाय धुऊन तो जोत्यावर टेकला. तिनं सगळं सांगितलं, आणि तो जराही दचकला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जागाच तिरकी आहे," मिस्त्री म्हणाला. "रस्ता जुन्या बांधावरून गेलाय. नकाशावाल्यानं पुढची भिंत रस्त्याला धरून ओढली कागदावर. त्याचं काय जातंय, पेन्सिलच ती. मी तसं बांधलं असतं तर पुढचे दोन्ही कोपरे बिघडले असते. मी काटकोनात घेतलं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तुला काय सांगायचं त्यात? तू माल दे."

माल म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू. तो तिनं तीस वर्षं दिला होता. घमेली डोक्यावरून वाहून वाहून टाळूवरचे केस विरळ झाले होते. थापी मात्र कधी हातात आली नाही. बाईच्या हातची वीट बसत नाही, असं सगळे मिस्त्री सांगत, आणि सगळ्या बाया ते ऐकून घेत.

लग्न होऊन आल्यापासून ती सत्तावीस घरांत राहिली होती, आणि त्यातलं एकही घर पुरं झालेलं नव्हतं. ज्याचं काम घ्यायचं त्याच्याच अर्ध्या भिंतींत बिऱ्हाड मांडायचं, सिमेंट आणि सळया राखायच्या, आणि फरशी बसून दारं लागली की गाठोडी उचलायची, अशी या धंद्याची रीतच आहे. लोकांच्या होणाऱ्या झोपायच्या खोल्यांत तिनं चूल मांडली. दाराच्या जागी पोतं टांगून बाळंतीण झाली. ती लेक आता सासरी होती आणि तिच्या सासरच्या घराला दार होतं. मिस्त्रीच्या बायकोला फार काही नको होतं. आतून कडी घालता येईल असं एक दार हवं होतं, आणि ते लावल्यावर कुणी "आता निघा" म्हणायला नको होतं.

"मग आता?" तिनं विचारलं.

"सुधारित नकाशा द्यायचा. पालिका मंजूर करेल. बरोबर बांधलेलं कोण पाडायला सांगतं?"

असा तो भोळा, आणि वर शहाणा.

त्याची रोजी बुडू नये म्हणून पालिकेत खेटे तिनंच घातले. खिडकीमागचा कारकून चष्म्यावरून बघायचा. "आपण कोण?" "मिस्त्रीची बायको." पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं, नकाशाच्या चार प्रती लागतील. चार नेल्या, तर सहा लागतात म्हणाला. सहा नेल्या, तर म्हणाला, यावर काम करणाऱ्याची सही नाही. मिस्त्रीची सही घेऊन गेली, तर खिडकी बंद होती आणि तिच्यावर पाटी होती, "दहा मिनिटांत येतो." त्या दहा मिनिटांत तिनं दोन घमेली माल कालवला असता. तिनं दीड तास वाट बघितली. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं म्हणतात, पण तिच्याजवळ सहा महिनेसुद्धा नव्हते.

शेवटी कागद घेतला गेला. कारकून म्हणाला, "हे आता सभेपुढे जाईल. महिन्यातून एक सभा असते. सतरावा विषय आहे तुमचा. मागच्या बाकावर बसता येईल, बोलता येणार नाही."

सभेच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. वर पंखे फिरत होते, पुढं खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या होत्या. चौथ्या विषयाला सचिवांनी ओढ्याकाठच्या सात मजली इमारतीचं नाव वाचलं, एकशे बारा घरं, वाढीव दोन मजले. अध्यक्ष म्हणाले, "मंजूर?" दोघातिघांनी बाकं वाजवली. मंजूर. तिला वाटलं, छान, या हिशेबानं आपला नंबर चहाच्या आत लागतो.

पाचवा विषय पालिकेच्या कुंपणभिंतीच्या रंगाचा होता. एक सभासद म्हणाले, बदामी. दुसरे म्हणाले, फिका पिवळा. तिसऱ्यांनी विचारलं, मागच्या वेळी बदामी द्यायचं ठरलं असताना पांढरा कुणी दिला? त्यावर कुणीतरी चौकशी मागितली. कुणीतरी म्हणालं, हा माझा अपमान आहे. पाऊण तास गेला. मिस्त्रीच्या बायकोनं आयुष्यात शेकडो भिंती रंगताना बघितल्या होत्या. एवढ्या वेळात एक भिंत रंगून वाळलीसुद्धा असती. मग चहा आला. चहा पिऊन निम्मे सभासद घरी गेले. उरलेल्यांची डोकी सचिवांनी मोजली आणि म्हणाले, "गणपूर्ती नाही. सभा तहकूब."

"म्हणजे काय झालं?" तिनं शेजारच्या शिपायाला विचारलं.

"म्हणजे पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात विषय आला आणि फाईल आली नाही. ती पाणीपुरवठ्याच्या कपाटात गेली होती. का गेली ते पाणीपुरवठ्यालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी ती भर दुपारी घरी आली. शेडमध्ये उन्हानं पत्रा इतका तापला होता की सासूबाई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसल्या होत्या.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं माझं डोकं!" ती ओरडली.

मिस्त्रीचे सोबती सुट्टीच्या दिवशी जोतं बघायला येत. एकानं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं असं ऐकलं होतं. गुण्या, तुला नाचता येतंय रे, पण अंगण खरंच वाकडं निघालं." सगळे हसले. मिस्त्रीही हसला, आणि उगाचच कोपऱ्यावरून हात फिरवत राहिला. तिला त्या हाताचा राग आला. स्वतःच्या आईच्या डोक्यावरून त्यानं कधी असा हात फिरवला नव्हता.

तिसऱ्या सभेला त्यांच्या वॉर्डातून निवडून आलेल्या बाईंनी शब्द टाकला आणि मिस्त्रीला दोन मिनिटं बोलायची परवानगी मिळाली. वर्ष संपायला एकोणीस दिवस उरले होते. मिस्त्रीनं खाडा केला, इस्त्रीचा सदरा घातला. निघताना पिशवीत काहीतरी जड होतं. तिनं विचारलं, तर म्हणाला, कागद आहेत.

कागद कसले, गुण्या होता. नाव पुकारल्यावर तो पुढं गेला. "अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "घर काटकोनात नसलं तर फरशी बसत नाही. कडेला पाचरी माराव्या लागतात. दार घासतं. कपाट भिंतीला टेकत नाही." इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. दोघे सभासद मान हलवत होते. मग त्यानं पिशवीतून ते हत्यार काढलं आणि अध्यक्षांच्या टेबलाच्या कोपऱ्याला लावलं. "आता हे बघा. तुमचं टेबलसुद्धा काटकोनाच्या बोटभर बाहेर आहे. रोज बसता, कळतंय का तुम्हाला? नाही कळत. राहणाऱ्याला कळत नाही, बनवणाऱ्याला कळतं."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी टेबलाच्या कोपऱ्याकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. मागच्या बाकावर तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"वीतभराचाच प्रश्न आहे, देऊन टाकू," वॉर्डाच्या बाई म्हणाल्या.

"आज वीत दिली तर उद्या हात मागतील," एक सभासद म्हणाले. ओढ्याकाठच्या इमारतीला बाक वाजवणारे तेच होते.

"नाकारायचं असं माझंही म्हणणं नाही," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "या विषयासाठी तीन जणांची उपसमिती नेमू. समिती जागेवर जाऊन पाहणी करेल आणि पुढच्या सभेत अहवाल देईल. पुढचा विषय."

नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. त्यांनी नाहीसुद्धा म्हटलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर पाहणीवाले साहेब भेटले. तिनं त्यांना वाटेतच अडवलं. "साहेब, पुढची सभा वर्ष संपल्यावर आहे."

"मला माहीत आहे."

"मग आम्ही काय करायचं?"

साहेब वाईट माणूस नव्हते, कंटाळलेले होते. ते म्हणाले, "हे बघा बाई, मूळ नकाशा मंजूरच आहे. पुढची भिंत त्या नकाशाप्रमाणे असली तर मला सभा लागत नाही, समिती लागत नाही. टेप लावतो, सही करतो. सत्तावीस तारखेला तुमच्या बाजूला येणार आहे, मग नाही." आणि जाता जाता मिस्त्रीकडे बघून म्हणाले, "रस्त्याला धरून बांधायचं होतं हो. कशाला एवढं?"

घरी येईपर्यंत मिस्त्री एकच वाक्य बोलत होता. टेबल खरंच बोटभर बाहेर होतं.

"तुमच्या टेबलाला लागो आग," ती म्हणाली. "उद्या भिंत काढा आणि तिरकी बांधा."

"हे हात तिरकी वीट लावणार नाहीत."

"घर जाईल."

"जाऊ दे. सगळं गाव म्हणेल, गुण्यानं स्वतःचं घर वाकडं बांधलं. त्यापेक्षा नको मला घर."

"मला हवंय!" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला नाव हवंय, मला घर हवंय. तीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ केल्यात, मला काय मिळालं त्यातलं? पोतं!"

तो उठून ओढ्याकडे निघून गेला. सासूबाईंना एवढं तरी ऐकू आलं होतं. त्या म्हणाल्या, "दगडापेक्षा वीट मऊ, सूनबाई. त्याला सोड. भिंत फोड."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं छिन्नी आणि हातोडा घेतला. पहिला घाव घालायला हात धजेना. इतकं चांगलं काम होतं ते, सांधा न सांधा भरलेला. मग सभागृहातला पंखा आठवला, बदामी रंग आठवला, आणि घाव बसला. सिमेंटचे कण डोळ्यांत गेले. दुपारपर्यंत चार विटा निघाल्या. तळहाताला फोड आला, फुटला, त्यावर तिनं फडकं बांधलं. चार दिवसांत पुढची भिंत पायापर्यंत उतरली. पाया मात्र मिस्त्रीनं ऐसपैस, चांगला दोन हात रुंद घेतला होता. वरची भिंत एका टोकाला वीतभर आत सरकली तरी तिच्याखाली पाया राहत होता. एवढ्यापुरतं तिला नवऱ्याचं कौतुक वाटलं, आणि वाटलं म्हणून परत राग आला.

रोज संध्याकाळी तो यायचा, बघायचा, हातपाय धुवायला जायचा. पाचव्या दिवशी तिनं विटा पाण्यात टाकल्या, रस्त्याच्या कडेपासून दोन्ही टोकांना सारखं अंतर मोजून खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि त्याचीच जुनी थापी घेऊन माल पसरला. वीट ठेवली, ठोकली. वीट एका बाजूला बसली. उचलली, परत ठेवली. एका थराला अख्खा दिवस गेला. कंबर अशी धरली की उठताना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागले.

त्या संध्याकाळी मिस्त्री खाटेवर बसून बराच वेळ तो थर बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"विटा किती वेळ भिजवल्यास?"

"बुडबुडे थांबेपर्यंत."

"सांध्यावर सांधा आणलायस तिथं. चिरेल ती भिंत. अर्धी वीट घे आणि सांधा मोड."

"तुम्ही या आणि मोडा."

"मी हात लावणार नाही म्हटलंय ना."

"मग तोंड तरी लावा. ते तर मोकळंच आहे."

आणि खरोखरच त्यानं तोंड लावलं. दुसऱ्या दिवशीपासून तो कामावर गेला नाही. शेडच्या सावलीत खाट ओढून बसला आणि सुरू झाला. माल पातळ झाला. थापी उलटी धरलीस. दोरीला वीट टेकवू नकोस, दोरी पोट काढते. भिंत उभी सरळ आहे का बघायला ओळंबा सोड. असा नाही, लांब धर. हलायचा थांबू दे. घाई कसली आहे? तिला वाटलं, थापी त्याच्या डोक्यात घालावी आणि तीसुद्धा ओळंब्यात. पण तिसऱ्या थराला वीट पहिल्याच ठोक्यात बसली. चौथ्या थराला तो मधेच गप्प झाला. तिनं मागं वळून बघितलं, तर डुलकी लागली नव्हती. तो नुसता बघत होता.

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "चालू दे."

सत्तावीस तारखेला अकरा वाजता साहेब आले. त्यांनी पहिल्या कोपऱ्याशी टेप लावला, मग दुसऱ्या. टेपचं दुसरं टोक तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. साहेबांनी नकाशा उघडला, मिटला. "आता बरोबर आहे," ते म्हणाले.

ती विटांच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिली. साहेबांनी दाखल्याचा कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला, शिक्का मारला, सही केली आणि पेन मिस्त्रीपुढे धरलं. "काम करणारा मिस्त्री. इथे नाव आणि सही."

मिस्त्रीनं हात पाठीमागेच ठेवले. "ही भिंत माझी नाही."

"म्हणजे?"

"हिनं बांधलीय."

"अहो, मी मिस्त्री कोण ते विचारतोय. मला अजून चार ठिकाणी जायचंय."

"तेच सांगतोय की. पाया माझा, तीन भिंती माझ्या. पण दाखला पुढच्या भिंतीसाठी अडला होता ना? ती हिनं बांधलीय. असलं तिरकं काम माझ्या नावावर नको मला. मिस्त्री म्हणून हिचं नाव लिहा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कमरेचा काटा ढिला झालेला, तळहात सोललेले, घर हाताशी आलेलं, आणि या माणसाला अजून आपलं नाव सरळ ठेवायचं होतं. तिनं काहीतरी सणसणीत बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेडमधून सासूबाईंनी हाक मारली, "काय म्हणतोय गं तो?"

"मला मिस्त्री म्हणतायत!" ती रागानं ओरडली.

ओरडली, आणि मग ते तिला स्वतःलाच ऐकू आलं.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. भिंतीच्या शेवटच्या थराकडे, तिच्या सांध्यांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता.

"लवकर करा, बाई," साहेब म्हणाले.

तिनं पेन घेतलं. हात पदराला पुसले, तरी बोटांवरचं सिमेंट गेलं नाही. मग रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर सावकाश, आणि साहेब घड्याळ बघत होते तरी घाई केली नाही.